खऱ्या क्रमाने लिहा

"म्हणजे म्हाडाच्या घरांची सोडत असते तसं?" आईने डोंबिवलीहून विचारलं.

मी म्हटलं, साधारण तसंच, लेकीच्या सहावीच्या शाळेसाठी.

"आणि पोरीचे मार्क?"

मार्क बघत नाहीत.

फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मग तिला एवढा अभ्यास कशाला करायला लावतेस?"

त्या वर्षी हाच प्रश्न आडून आडून बऱ्याच जणांनी विचारला. इतक्या सरळ फक्त आईने.

२०२२ चा ऑक्टोबर होता. आम्ही न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या केन्सिंग्टन भागात राहतो. चर्च अ‍ॅव्हेन्यू आणि मॅकडोनाल्ड अ‍ॅव्हेन्यूच्या नाक्याला त्याच महिन्यात 'लिटल बांगलादेश' अशी पाटी लागली. कारली, कढीपत्ता आणि रोहू आम्ही त्या नाक्यावरून त्याच्या किती तरी आधीपासून आणतोय. लेक पाचवीत होती. इथे बालवर्ग ते पाचवी एक शाळा, सहावी ते आठवी दुसरी आणि नववी ते बारावी तिसरी. पहिली शाळा पत्त्यावरून ठरते. आमच्या इमारतीतली पोरं एकाच शाळेत जातात, विषय संपला. सहावीसाठी मात्र आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शहराच्या शाळांच्या विभागात, पत्त्यावरून मिळणारी शाळाच नाही. डिस्ट्रिक्ट १५ मधल्या सगळ्या सरकारी मिडल स्कूल्स समोर मांडतात आणि सांगतात, बारापर्यंत नावं लिहा, आवडीच्या क्रमाने. ऑक्टोबरात पोर्टल उघडतं, डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतं, निकाल एप्रिलमध्ये.

माझ्या वेळची निवडप्रक्रिया मला चांगली आठवते, कारण ती एका सकाळीत संपली. चौथी झाली, बाबांनी दाखला काढला, ऑफिसला जायच्या आधी मला घेऊन हायस्कूलच्या कचेरीत गेले. क्लार्कने दाखल्यावरची जन्मतारीख मोठ्याने वाचली आणि मी पाचवीत गेले. येताना बूट घेतले. तशी दुसरी शाळाही होती, पण ती रुळांच्या पलीकडे, आणि रूळ ओलांडायचे नाहीत असा घरचा नियम होता.

इथे लेकीचं म्हणाल तर तिच्यासाठी आम्ही अकरा आठवडे खर्ची घातले आणि एक भांडण असं केलं की शेजारच्या आपांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, सगळं ठीक आहे ना.

हे असं का आहे ते थोडं सांगायला हवं. डिस्ट्रिक्ट १५ मध्ये पार्क स्लोप आणि कॉबल हिलची लाखो डॉलरची ब्राउनस्टोन घरं येतात, रेड हुकमधली सरकारी वसाहत येते आणि सनसेट पार्कमधली चिनी आणि मेक्सिकन कष्टकरी कुटुंबंही येतात. सगळ्यांच्या पोरांना त्याच शाळा. २०१८ पर्यंत यातल्या बऱ्याच शाळा मुलं निवडून घ्यायच्या: चौथीचे मार्क, राज्याच्या परीक्षेचे गुण, हजेरी, कुठे मुलाखत, कुठे गाण्या-नाचाची चाचणी. एम. एस. ५१, एम. एस. ४४७ आणि न्यू व्हॉइसेस या तीन शाळांवर सगळ्यांचा डोळा. तिथे कोण पोचायचं ते सांगायला नकोच. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना मुलाखतीची तयारी करून देणारे आईबाप आणि दोन पाळ्यांत काम करणारे आईबाप यांच्यात कोण जिंकणार?

मग पालकांनीच बरीच वर्षं धसास लावल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये शहराने नवी योजना मंजूर केली. डिस्ट्रिक्टमधल्या अकरा मिडल स्कूल्सनी निवड बंद करायची, सोडत काढायची आणि प्रत्येक शाळेने ५२ टक्के जागांवर गरीब घरची, इंग्रजी शिकत असलेली किंवा डोक्यावर कायमचं छप्पर नसलेली मुलं आधी घ्यायची. पहिल्याच वर्षी त्या तीन नावाजलेल्या शाळांत अशा मुलांचं प्रमाण वाढलं. पुढे कोरोना आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी सगळ्या शहरातच मिडल स्कूलची निवड थांबवली. २०२२ मध्ये नवे चॅन्सेलर, म्हणजे शहराच्या शाळांचे प्रमुख, डेव्हिड बँक्स यांनी तो निर्णय एकेका डिस्ट्रिक्टवर सोडला. काही ठिकाणी मार्क परत आले. आमच्याकडे नाही आले.

मला ही योजना पटते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

५२ टक्क्यांत आम्ही बसत नव्हतो. म्हणजे एके काळी बसलो असतो. लेक बालवर्गात गेली तेव्हा घरच्या भाषेचा एक फॉर्म भरायचा होता. घरात कोणती भाषा बोलता, मूल कोणत्या भाषेत उत्तर देतं. मी सगळीकडे 'मराठी' लिहिलं, कारण ते खरं होतं. पार्कात भेटणाऱ्या एका देशी बाईंनी नंतर मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, इंग्रजी लिहायचं असतं, नाहीतर पोरीची परीक्षा घेतात. तशी ती घेतलीच. लेकीने परीक्षकाला चित्रातल्या बदकाचं नाव 'बदक' असंच सांगितलं आणि आमची रवानगी इंग्रजी शिकणाऱ्यांत झाली. दुसरीत ती त्यातून बाहेर पडली, तेव्हा आम्ही आइस्क्रीम आणलं. पाचवीत नवऱ्याने हिशेब मांडला: "बदक अजून दोन-तीन वर्षं बदकच राहिलं असतं तर ५२ टक्क्यांत असतो." हा विनोद होता, पण दोनदा केला.

शाळा बघायला जायचं म्हणजे आधी वेळ नोंदवायची. नामांकित शाळांच्या वेळा सकाळी खुल्या होतात आणि मी दात घासून येईपर्यंत भरतात. आम्ही सहा शाळा प्रत्यक्ष पाहिल्या, दोन कॉम्प्युटरवर. कोणती कुठली ते लिहीत नाही. चार वर्षांत शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, आणि माझ्या एका वाक्यावरून कुणी शाळा खोडावी असं माझं त्या शाळेशी काही वैर नाही.

सगळ्या फेऱ्या एकाच साच्यातल्या. आठवीतली दोन मुलं पुढे, त्यांच्यामागे तीस पालक, पालकांच्या मागे ओढत आणलेली पाचवीतली पोरं. पालक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मान डोलावतात. कुणीतरी गृहपाठ किती असतो विचारतं, अर्ध्यांना तो जास्त हवा असतो, अर्ध्यांना कमी. मग फोनबद्दल. मग शेवटी, माझ्यासारख्या कुणाच्या तरी नवऱ्याचा हात वर होतो: "आठवीत अल्जेब्रा रीजंट्स आहे का?"

या प्रश्नामागे सगळं भविष्य उभं असतं. रीजंट्स ही राज्याची परीक्षा. मुलाने आठवीतच अल्जेब्राची दिली तर हायस्कूलच्या गणितात ते एक वर्ष पुढे. शिवाय आठवीतच ती दुसरी परीक्षा असते, स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक अशा आठ स्पेशलाइज्ड हायस्कूल्सची. एकच पेपर, त्याचे गुण, दुसरं काही बघायचं नाही, असं १९७१ च्या राज्याच्या कायद्यातच लिहिलंय. म्हणजे सहावीला मार्क विचारत नाहीत आणि नववीला त्या आठ शाळा मार्कांखेरीज काही विचारत नाहीत. आमच्यासारख्या स्कॉलरशिपच्या परीक्षा देऊन मोठ्या झालेल्या लोकांना नववीचा दरवाजा लगेच ओळखीचा वाटतो. सहावीच्या दरवाजापुढे मात्र आम्ही दाखला हातात धरून नुसते उभे राहतो.

लेकीची स्वतःची वही होती. मला वाटलं होतं चित्रकला, ग्रंथालय वगैरे लिहीत असेल. एका रात्री वाचली. पहिला रकाना 'बाथरूम'. प्रत्येक शाळेत फेरी चालू असताना ती 'मला जायचंय' म्हणून गायब व्हायची, ती पाहणीला. "कडी आहे. साबण नाही." "एका दाराला कडी नाही, मुली एकमेकींसाठी दार धरतात." "चांगलं आहे पण अंधार." दुसरा रकाना 'लंच किती वाजता'. हाही प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. इथे एकेका इमारतीत दोन-दोन, तीन-तीन शाळा असतात, कँटीन एक, जिम एक. मग पाळ्या लागतात. एका शाळेत सहावीचं जेवण सकाळी सव्वादहाला होतं. लेकीने त्यापुढे लिहिलं होतं, "हा नाश्ता आहे."

मी नवऱ्याला वही दाखवली. तो हसला आणि मग हसायचा थांबला. शहर दरवर्षी शाळाशाळांत सर्वेक्षण घेतं आणि त्यात सहावीपासूनच्या मुलांना एक प्रश्न असतो: वर्गाबाहेर, म्हणजे व्हरांड्यात, बाथरूममध्ये, कँटीनमध्ये तुम्हाला सुरक्षित वाटतं का. त्याने आमच्या यादीतल्या सगळ्या शाळांचे त्या एका प्रश्नाचे आकडे काढले. वहीशी बरेचसे जुळले. त्यानंतर अल्जेब्राचा प्रश्न विचारताना त्याचा हात जरा खालीच राहायचा.

मग नंबर आला.

पोर्टलमध्ये लॉगिन केलं की अर्जावर मुलाचा एक आकडा दिसतो. आकडा म्हणजे बत्तीस अक्षरांची माळ, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, पासवर्ड वाटावा अशी. तो संगणकाने टाकलेला फासा. सगळ्या शाळांना तोच एक आकडा. लहान असेल तर तुम्ही रांगेत पुढे. आमचा 'नऊ-सी' ने सुरू होत होता. नवरा सॉफ्टवेअरवाला. चिन्हं सोळा, त्यांत सी म्हणजे बारा, असं म्हणत त्याने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि लिहिलं: नऊ गुणिले सोळा, अधिक बारा, एकशे छप्पन्न. भागिले दोनशे छप्पन्न. शून्य पॉइंट एकसष्ट. म्हणजे शंभरातली साठेक पोरं आपल्या पुढे. पाकीट त्याने फ्रिजवर लावलं. ते पुढचे सहा महिने तिथेच होतं, त्यावर नंतर दुधाचा हिशेबही लिहिला गेला.

लेक म्हणाली, "माझे काय मार्क आहेत हे?" मी म्हटलं मार्क नाहीत, नशीब. तिला ते फारच आवडलं. तिच्या वर्गात गणितात सगळ्यात कच्च्या मुलाचा आकडा 'शून्य-दोन' ने सुरू होत होता, आणि तो आठवडाभर राजासारखा वावरला.

नवऱ्याचं म्हणणं सुरू झालं. एकसष्ट असेल तर वरच्या तीन शाळा लिहून उपयोग काय? तीन ओळी फुकट. पहिल्या ओळीतच अशी शाळा टाकू जी नक्की मिळेल. त्यात त्याच्या डोक्यात अकरावी होती. आमच्या दोघांची अकरावी कॉलेजच्या भिंतीवर चिकटवलेल्या कटऑफच्या याद्यांत गेली. नंतर मुंबईत ऑनलाइन प्रवेश आले, २००९ पासून, आणि आता त्याच्या बहिणीच्या मुलाने दिवाळीत फोनवर सगळं समजावलं होतं: पहिला पसंतीक्रम लागला तर घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून विचार करून टाक मामा.

शाळेच्या समुपदेशक बाई मात्र एकच वाक्य म्हणत होत्या. पोर्टलवरही तेच होतं, माहितीपत्रकातही तेच. खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहा. त्याचा तुम्हाला तोटा होऊ शकत नाही.

'तोटा होऊ शकत नाही' असं सरकारी कागदावर लिहिलेलं असलं की आपण दोनदा वाचतो. मी त्याचा मागोवा घेतला, आणि या सगळ्या प्रकरणात मला जर काही मनापासून आवडलं असेल तर ते हेच.

ही रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका छोट्या लेखात मांडली. विषय कॉलेजप्रवेश आणि लग्नं. खरं सांगते, आपल्याकडच्या कुठल्याही वधूवर सूचक मंडळाला ती पाच मिनिटांत कळेल. समजा, प्रत्येक मुलगी आपल्या यादीतल्या पहिल्या स्थळाला निरोप पाठवते. स्थळ लगेच होकार देत नाही. कांदेपोहे खातं आणि म्हणतं, 'बघू, कळवतो'. आलेल्यांतली जी सगळ्यात वर, तिला मनात धरून ठेवतं, बाकीच्यांना नकार. नकार आलेल्या मुली आपापल्या दुसऱ्या स्थळाला निरोप धाडतात. तिथे आधीच कुणी मनात धरलेली असेल आणि ही तिच्याहून वर असेल, तर आधीचीला नारळ, ही मनात. असं शेवटचा निरोप जाईपर्यंत. तोवर कुणाचंही काही पक्कं नाही. सगळे निरोप संपले की मग एकदमच सुपारी फुटते.

आता मुलीच्या जागी मूल घाला, स्थळाच्या जागी दोनशे जागांची शाळा. गंमत अशी की दुसऱ्या स्थळाकडे तुम्ही उशिरा पोचलात म्हणून तुमचं काही बिघडत नाही, कारण तिथेही फक्त 'बघू, कळवतो'च चाललेलं असतं. पहिल्या ओळीत आवाक्याबाहेरची शाळा लिहिली आणि नकार आला, तर दुसऱ्या शाळेत तुमची जागा होती तेवढीच राहते. न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशांत ही रीत २००३-०४ च्या सुमाराला अर्थतज्ज्ञ अ‍ॅल्विन रॉथ, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू यांच्या मदतीने आली, आणि २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं. मिडल स्कूललाही आता तीच पद्धत.

नवऱ्याने ऐकून घेतलं, पाकिटाच्या कोपऱ्यात चार मुली आणि तीन स्थळं काढून करून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." मग म्हणाला, "म्हणजे आता फक्त खरा क्रम लिहायचा." आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

कारण डावपेच करायचे नसतील तर खरं काय ते सांगावं लागतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, क्रम लिहिले. मग टेबलावर शेजारी ठेवले. तिन्ही याद्यांत एकाच जागी असलेली शाळा एक निघाली. ती नवव्या क्रमांकावर होती.

नवऱ्याच्या पहिल्या नंबरावर ती नामांकित शाळा, ट्रेनने पाऊण तास. लेकीच्या पहिल्या नंबरावर जिथे नाटकाचा मोठा स्टेज होता आणि बाथरूमला कड्या होत्या ती. माझ्या पहिल्या नंबरावर घरापासून चालत अकरा मिनिटांची. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, तिथल्या शिक्षिका छान वाटल्या. नवरा म्हणाला, "त्या फेरीला तू गेलीच नव्हतीस. मी गेलो होतो."

मग मला सांगावं लागलं की मला ती एकटी ट्रेनमध्ये नको आहे. अकरा वर्षांची असेल, इथली मिडल स्कूलची पोरं एकटी जातात, शाळा त्यांना तेव्हा मेट्रोकार्ड, म्हणजे ट्रेन-बसचा पास, द्यायची, मला सगळं माहीत होतं. तरी नको. त्यावर तो म्हणाला की मग यादी करायचीच कशाला, रूळ ओलांडायचे नाहीत एवढंच लिही. हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं होतं आणि ते त्याने असं वापरायला नको होतं. आपांनी जे ऐकलं ते यापुढचं. तेही मग बाहेर पडलं की त्याला स्वतःला एका नामांकित शाळेची ॲडमिशन दोन मार्कांनी हुकली होती आणि ते तो अठ्ठावीस वर्षांत मला कधी बोलला नव्हता. लेक आपल्या खोलीतून ओरडली, "माझी शाळा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी तिची यादी आधार धरली. पहिल्या तीन ओळी तिच्या. पुढच्या तीन तडजोडीच्या. बाराच्या बारा भरल्या, कारण समुपदेशक बाईंचं दुसरं वाक्य असं होतं की पाचच लिहिल्यात आणि पाचही हुकल्या तर जिथे जागा उरेल तिथे टाकतात. सहाव्या ओळीवर सनसेट पार्कमधली एक शाळा आली. ती लिहायच्या आधी मी लेकीला घेऊन एका रविवारी प्रवास करून पाहिला. चर्च अ‍ॅव्हेन्यूवरून बी-३५ बस मिळते ती एकोणचाळिसाव्या रस्त्याने थेट खाली उतरते. ट्रेन नाही, बदलाबदली नाही, जमिनीवरून जाते, आणि ड्रायव्हर दिसतो. बसमध्ये आधी काळ्या टोप्यांतली ज्यू मुलं, मग भाजीच्या गाड्या ओढणाऱ्या चिनी आज्या. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूला उतरलो आणि एका बाईकडून गरम तमाले घेतले, केळीच्या पानात असावेत तसे मक्याच्या सालीत. लेक म्हणाली, पातोळ्यांसारखं आहे, पण तिखट. माझी सहावी ओळ त्या दिवशी खरी झाली.

एप्रिलमध्ये निकाल लागला. सहावी ओळच.

नवरा दोन तास बोलला नाही. लेकीने विचारलं, "मी नापास झाले?" तेव्हा तो ताडकन उठला आणि फ्रिजवरचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. नऊ गुणिले सोळा अधिक बारा. हे बघ, यात तू कुठे आहेस? कुठेच नाहीस. हा फासा आहे. तिने नीट बघितलं. म्हणाली, "मग दुधाचे सतरा डॉलर कशाचे?"

आईला फोन केला. ती म्हणाली, "लागला ना नंबर? मग झालं. आमच्या कामवाल्या मावशींच्या नातवाचा आरटीईत दोन वर्षं लागला नाही." मी गप्प बसले. आमच्या सोडतीत सहावी चिठ्ठी निघाली होती, रिकामी नव्हे.

यादीत मिळालेल्या शाळेच्या वरच्या सगळ्या शाळांच्या प्रतीक्षा यादीत नाव आपोआप जातं, आणि तो आकडाही पोर्टलवर दिसतो. लेकीच्या पहिल्या पसंतीत ती एकेचाळिसावी होती. नवऱ्याला पुन्हा हुरूप आला. रोज रात्री भांडी झाली की तो लॉगिन करायचा. मेमध्ये तेहेतीस. शाळा संपताना सव्वीस. कुणी न्यू जर्सीला राहायला गेलं की आम्हाला बरं वाटायचं, ही काही चांगली गोष्ट नाही, पण वाटायचं. ऑगस्टमध्ये आम्ही भारतात होतो. डोंबिवलीच्या घरात मध्यरात्री उठून तो फोनच्या उजेडात बघत होता. एकोणीस. मग एकदम अकरा. गणपतीच्या सुमाराला सात.

दरम्यान शाळा सुरू झाली होती. पहिला आठवडा मी बी-३५ मध्ये तिच्यापासून चार बाकं मागे बसून गेले. तिची अट होती, ओळख दाखवायची नाही. दुसऱ्या आठवड्यात एका थांब्यावर चढणारी एक मुलगी तिच्याशेजारी बसायला लागली आणि दोघी मिळून मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी थांब्यावरूनच परत फिरले. शाळेतलं जेवण फुकट असतं, सगळ्यांनाच, २०१७ पासून. शुक्रवारी ते बिनमांसाचं असतं, आणि शुक्रवारी तिचा डबा परत येतो तसाच. लंच पावणेबाराला. ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, जिंकल्यासारखं.

आठवीत अल्जेब्रा आहे. नवऱ्याने पालकसभेत विचारून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री तो पुन्हा लॅपटॉप उघडून बसला होता. आकडा सातवर अडकला होता तो अडकलाच. लेक पाणी प्यायला आली, तिने मागून स्क्रीन पाहिला.

"अजून बघतोस तू हे?"

"सहज. चुकून लागला तर?"

"पण मला लॉकर मिळालाय," ती म्हणाली. "खालच्या रांगेतला नाही. मधल्या."

आणि ग्लास सिंकमध्ये ठेवून झोपायला गेली.